प्रक्षेपण आणि ग्रहण : विज्ञानकथा, अवकाशप्रवास आणि घरगुती संगणक यांचा एक संयुक्त विचार

मराठीत 'प्रक्षेपण' हा शब्द दोन अगदी भिन्न क्रियांना लावला जातो. अग्निबाणाच्या साहाय्याने उपग्रह अवकाशात सोडणे हे प्रक्षेपण. आणि नभोवाणी वा दूरचित्रवाणी केंद्रावरून एखादा कार्यक्रम सर्वदूर पाठविणे हेही प्रक्षेपणच. या दोन्ही क्रियांत एक फेकणारा असतो व त्याच्या हाती मोठी यंत्रसामग्री असते. ती फेक झेलणारा मात्र दूर कोठेतरी, बहुधा अनामिक, आपल्या घरात बसलेला असतो. शब्दाचा सारा भार फेकणाऱ्यावर पडतो. झेलणाऱ्याचा त्यात उल्लेखही नाही.

विसाव्या शतकातील विज्ञानकथांचे प्रक्षेपण, अवकाशप्रवास आणि घरगुती संगणक या तीन विषयांचे इतिहास लिहिले गेले, तेही बव्हंशी फेकणाऱ्याच्या बाजूने. कोणती मालिका केव्हा सुरू झाली, कोणते यान केव्हा उडाले, कोणते यंत्र केव्हा विक्रीस आले, अशा तारखांच्या याद्या तयार होतात आणि त्यांतील प्रत्येक नोंद मैलाचा दगड मानली जाते. अशा याद्या उपयुक्त असतात; परंतु त्यांतून हे तीन इतिहास परस्परांना का बिलगून आहेत याचा उलगडा होत नाही. हेच प्रसंग घरातील ग्रहणयंत्राच्या, म्हणजे प्रथम रेडिओ संचाच्या व नंतर दूरचित्रवाणी संचाच्या बाजूने पाहिले, तर त्यांतून एकच सूत्र निघते. हा संच बाळगणारा सामान्य मनुष्य क्रमाक्रमाने श्रोत्याचा साक्षीदार, साक्षीदाराचा जतनकर्ता आणि अखेर यंत्रास आज्ञा देणारा चालक झाला. या स्थित्यंतराचे टप्पे विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. वार्तेचे रूप घेतलेली कथा

३० ऑक्टोबर १९३८ च्या रविवारी सायंकाळी अमेरिकेतील सी.बी.एस. या नभोवाणी संस्थेने एच. जी. वेल्स यांच्या १८९८ मधील 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरीचे नाट्यरूपांतर प्रसारित केले. हॉवर्ड कॉख यांची संहिता आणि ऑर्सन वेल्स यांचे दिग्दर्शन असलेल्या या प्रयोगाचे वैशिष्ट्य त्याच्या कथानकात नव्हते. ते त्याच्या रूपात होते. नृत्यसंगीताचा कार्यक्रम चालू आहे, तो मध्येच थांबवून निवेदक मंगळावर दिसलेल्या स्फोटांची वार्ता सांगतो, संगीत पुन्हा सुरू होते, पुन्हा तुटते, अशी त्याची रचना होती. म्युनिकच्या पेचप्रसंगाला तेव्हा जेमतेम महिना लोटला होता, आणि कार्यक्रम तोडून येणाऱ्या वार्तांची श्रोत्यांना सवय झालेली होती.

या प्रयोगाने अमेरिकेत हाहाकार उडाल्याची कथा सर्वश्रुत आहे. प्रिन्स्टन येथील मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ६० लाख श्रोते व त्यांपैकी सुमारे १० लाख भयभीत असा अंदाज केला. पुढील संशोधकांनी मात्र ही संख्या फुगलेली असल्याचे दाखवून दिले आहे. त्याच वेळी दुसऱ्या संस्थेवर अधिक लोकप्रिय कार्यक्रम चालू होता. आणि नभोवाणीमुळे जाहिराती गमावलेल्या वृत्तपत्रांना तिच्या बेजबाबदारपणाचे उदाहरण हवेच होते. वेल्स यांस आलेली जी पत्रे जतन झाली आहेत, त्यांत घाबरलेल्यांपेक्षा प्रयोगाचे कौतुक करणारे अधिक आहेत. श्रोता भाबडा असतो ही समजूत फेकणाऱ्यांच्या बाजूने रूढ झाली. झेलणाऱ्यांची साक्ष वेगळीच आहे.

त्याच वर्षी, ११ फेब्रुवारी १९३८ रोजी, लंडन येथे ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने, म्हणजे बी.बी.सी.ने, कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या नाटकातील ३५ मिनिटांचा भाग दूरचित्रवाणीवर सादर केला. ज्या नाटकाने 'रोबो' हा शब्द जगाला दिला, त्यानेच दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेचाही आरंभ केला. तो पाहणारे मूठभर होते. युद्धोत्तर काळात ही संख्या झपाट्याने वाढली. जून १९५३ मधील राज्याभिषेक पाहण्यासाठी ब्रिटनमधील असंख्य कुटुंबांनी संच विकत घेतले, आणि अवघ्या सहा आठवड्यांनी, १८ जुलै रोजी, त्याच संचांवर नायजेल नील यांची 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' ही सहा भागांची मालिका सुरू झाली. पहिले मानवयुक्त अग्निबाणयान तीन प्रवाशांसह जाते व एकाच प्रवाशासह परतते, हे तिचे सूत्र. मालिका प्रत्यक्ष घडत असतानाच प्रक्षेपित होई. पहिले दोन भाग पडद्यावरून चित्रफितीवर उतरविण्यात आले. उरलेले चार भाग प्रक्षेपणाबरोबरच नाहीसे झाले. कायमची नोंद न ठेवता कार्यक्रम आकाशात सोडून देणे ही तत्कालीन रीतच होती, आणि या रीतीचा परिणाम पुढे दिसणार होता.

२. आकाशातून आलेला ध्वनी

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. सुमारे ५८ सेंटिमीटर व्यासाचा, ८३.६ किलोग्रॅम वजनाचा हा गोळा ९६ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करी. त्याच्या रचनेतील एक निर्णय येथे महत्त्वाचा आहे. त्याचे संदेश २०.००५ व ४०.००२ मेगाहर्ट्झ या कंप्रतांवर ठेवलेले होते, आणि पहिली कंप्रता हौशी रेडिओचालकांच्या साध्या संचांच्या टप्प्यात होती. प्रक्षेपणापूर्वी काही महिने 'रादिओ' या सोव्हिएत मासिकाने हौशी वाचकांना त्यांची माहितीही दिली होती. विजेरी संपेपर्यंत, म्हणजे २२ दिवस, जगभरच्या सामान्य माणसांनी तो तुटक स्वर स्वतःच्या कानांनी ऐकला. अवकाशयुगातील पहिली घटना ही अशा रीतीने नभोवाणीचीही घटना होती. आणि ती सत्य असल्याची ग्वाही कोणा सरकारने देण्याची गरजच उरली नाही.

ऐकणारा केवळ साक्षीदार राहत नाही, हे नऊ वर्षांनी इंग्लंडमधील एका शाळेने सिद्ध केले. केटरिंग ग्रामर स्कूलमधील भौतिकीचे शिक्षक जेफ्री पेरी व त्यांचे विद्यार्थी सोव्हिएत उपग्रहांचे संदेश साध्या रेडिओ संचावर नोंदवीत असत. उपग्रह जवळ येत असता संदेशाची कंप्रता किंचित चढते व दूर जात असता उतरते. हा डॉप्लर परिणाम आणि घड्याळ यांच्या बळावर ते उपग्रह डोक्यावरून जाण्याचा क्षण ठरवीत. मार्च १९६६ मध्ये सोडलेल्या 'कॉसमॉस-११२' ची वेळ व कक्षा त्यांच्या जुन्या नोंदींशी जुळेना. तशाच आणखी उपग्रहांच्या मार्गरेषा नकाशावर काढल्या, तेव्हा त्या ज्ञात तळापासून दूर, उत्तर रशियातील प्लेसेत्स्क या ठिकाणाजवळ छेदल्या. एका गुप्त प्रक्षेपणतळाचा शोध अशा प्रकारे शाळेच्या प्रयोगशाळेत लागला व त्याच वर्षी जाहीर झाला. सोव्हिएत सरकारने तो तळ उघडपणे मान्य केला १९८३ मध्ये. येथे प्रक्षेपण एका महासत्तेचे होते, तर ग्रहण शाळकरी मुलांचे. आणि ज्ञानाची भर ग्रहणाने घातली.

३. जतन करणारा प्रेक्षक

२३ नोव्हेंबर १९६३ रोजी, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, बी.बी.सी.वर 'डॉक्टर हू' या मालिकेचा पहिला भाग दाखविण्यात आला. वार्तेच्या गदारोळात तो अनेकांच्या नजरेतून निसटला, म्हणून पुढील शनिवारी दुसऱ्या भागापूर्वी त्याची पुनरावृत्ती करावी लागली. मालिकेची कल्पना प्रामुख्याने सिडनी न्यूमन यांची, निर्मिती व्हेरिटी लॅम्बर्ट यांची, आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौ येथे जन्मलेल्या वारिस हुसेन यांचे होते. रॉन ग्रेनर यांच्या शीर्षकसंगीताला रूप देण्याचे काम डेलिया डर्बिशायर यांनी केले. स्वरसंश्लेषक यंत्रे प्रचारात येण्यापूर्वीच्या त्या काळात त्यांनी एकेक स्वर वेगळा निर्माण करून, ध्वनिफितीचे तुकडे मोजून, कापून व जोडून ती रचना सिद्ध केली.

या मालिकेच्या १९६० च्या दशकातील नव्वदांहून अधिक भागांची चित्रे आज उपलब्ध नाहीत. फिती महाग होत्या, जुन्या कार्यक्रमांच्या पुनःप्रक्षेपणावर नटसंघटनेशी झालेल्या करारांची बंधने होती, आणि घरोघरी चित्रफिती विकता येतील अशी कोणाची कल्पना नव्हती. म्हणून फिती पुसून पुन्हा वापरण्यात आल्या वा नष्ट करण्यात आल्या. तथापि नाहीशा झालेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी मात्र शिल्लक आहे. कारण असे की काही प्रेक्षकांनी, त्यांत किशोरवयीन मुलेही होती, आपल्या घरच्या संचाशेजारी टेपरेकॉर्डर ठेवून तो उतरवून घेतला होता. संस्थेच्या भांडारात जे उरले नाही, ते माळ्यावरच्या खोक्यांत उरले.

अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' मालिकेच्या बाबतीत प्रेक्षकांनी आणखी एक पाऊल टाकले. दुसऱ्या वर्षानंतर ती बंद होणार अशी चिन्हे दिसताच एन.बी.सी. या संस्थेकडे एक लाखाहून अधिक पत्रे आली आणि संस्थेला मार्च १९६८ मध्ये, मालिका पुढे चालू राहील, अशी घोषणा करावी लागली. तिसरे वर्ष संपून ती ३ जून १९६९ रोजी थांबली. चांद्रावतरणास तेव्हा सात आठवडे उरले होते. १९७६ साली पहिल्या अवकाश-शटलच्या नामकरणाच्या वेळी पुन्हा पत्रांचा पाऊस पडला, आणि 'कॉन्स्टिट्यूशन' हे योजलेले नाव मागे पडून मालिकेतील यानाचे 'एंटरप्राइज' हे नाव त्यास देण्यात आले. चाचणीसाठी बांधलेले हे शटल अवकाशात कधीच गेले नाही, हा भाग निराळा.

जतनाचा प्रश्न कल्पित कथेपुरता मर्यादित नव्हता. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ मधील चित्रे चंद्रावरून सेकंदास १० चित्रे व ३२० रेषा अशा मंद पद्धतीने येत होती. घरगुती संचांना ती दाखविता येत नसल्यामुळे ग्रहणकेंद्रात ती एका पडद्यावर उमटवून त्या पडद्याकडे दुसरा कॅमेरा लावण्यात आला, आणि सुमारे ६० कोटी लोकांनी पाहिली ती ही चित्राची चित्रे होती. मूळ चित्रे अधिक सुस्पष्ट होती. परंतु त्यांच्या चुंबकीय फिती पुढील काळात पुसून अन्य मोहिमांसाठी वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये प्रसिद्ध केला. बी.बी.सी.ने त्या रात्री केलेल्या आपल्या प्रक्षेपणाचाही फारच थोडा अंश राखला. मानवजातीचा महत्तम प्रवास आणि लहान मुलांची शनिवारची मालिका यांना फितीच्या किमतीने एकाच पातळीवर आणले.

४. चांद्रयानातील संगणक

घरगुती संगणक हे अपोलो मोहिमेचे अपत्य होय, असे विधान वारंवार केले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे, पण तो नेमका किती हे पाहणे आवश्यक आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या इन्स्ट्रुमेंटेशन प्रयोगशाळेने अपोलोसाठी सिद्ध केलेला संगणक सुमारे ३२ किलोग्रॅम वजनाचा होता. त्याच्या स्थायी स्मृतीत ३६,८६४ शब्द व बदलत्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. येथे 'शब्द' म्हणजे १६ द्विमान अंकांचा गट. स्थायी स्मृती अक्षरशः विणलेली असे. तार चुंबकीय कड्यातून ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य, अशा पद्धतीने रेथिऑन कंपनीतील स्त्री-कामगार ती हाताने विणीत. एकदा विणलेली आज्ञावली बदलणे जवळजवळ अशक्य होते.

या संगणकात नव्या 'इंटिग्रेटेड सर्किट' मंडलांचा वापर करण्याचा निर्णय १९६० च्या दशकाच्या आरंभी घेण्यात आला. ती मंडले तेव्हा महाग व अपरिचित होती. अपोलोच्या व लष्करी क्षेपणास्त्रांच्या मागणीने त्यांचे उत्पादन वाढले व किमती उतरल्या. एवढे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु संपूर्ण प्रक्रियक एकाच सिलिकॉन-चकतीवर आणण्याची प्रेरणा अवकाशातून आली नाही. 'बिझिकॉम' या जपानी कंपनीला मेजावरील गणनयंत्रांसाठी चकत्या हव्या होत्या. त्या मागणीतून इंटेल कंपनीचा '४००४' हा २,३०० ट्रान्झिस्टरांचा सूक्ष्मप्रक्रियक नोव्हेंबर १९७१ मध्ये बाजारात आला. घरगुती संगणकाचा एक पूर्वज चंद्रावर जाऊन आला असला, तरी दुसरा हिशेबनिसाच्या मेजावर बसलेला होता.

२० जुलै १९६९ रोजी चांद्रयान उतरत असता संगणकाने '१२०२' हा इशारा अनेकदा दिला. भेटीच्या रडारकडून येणाऱ्या अनावश्यक संकेतांमुळे त्याच्यावरील कामाचा भार मर्यादेबाहेर गेला होता. यंत्र बंद पडले नाही. कमी महत्त्वाची कामे सोडून अवतरणाची कामे त्याने चालू ठेवली, कारण कामांचा अग्रक्रम ठरविण्याची व्यवस्था आज्ञावलीतच केलेली होती. भूतलावरील तरुण अभियंते स्टीव्ह बेल्स व जॅक गार्मन यांना या इशाऱ्याचा अर्थ माहीत होता, म्हणून पुढे जाण्याचा सल्ला काही सेकंदांत देता आला. ते अवतरण ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांना तो आकडा निरर्थक होता. यंत्राची भाषा तेव्हा केवळ मूठभरांना अवगत होती.

५. संच आज्ञा घेऊ लागतो

ही स्थिती पुढील दशकात पालटली. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' हे यंत्र झळकले. सुमारे ४०० डॉलरला मिळणारे सुटे भाग घरी जोडून ते तयार करावयाचे होते. त्याला ना कळफलक होता ना पडदा; स्मृती अवघी २५६ बाइट; आज्ञा द्यावयाच्या त्या पुढील बाजूच्या खटक्यांनी, आणि उत्तर मिळावयाचे ते लुकलुकणाऱ्या दिव्यांनी.

या यंत्राचा काय उपयोग, हा प्रश्न स्वाभाविक होता. त्याचे एक उत्तर एप्रिल १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'च्या सभेत मिळाले. स्टीव्ह डॉम्पिअर या सदस्याने अल्टेअरशेजारी एक साधा रेडिओ ठेवला. यंत्र चालू असता त्यातून निघणाऱ्या विद्युत्-चुंबकीय लहरींमुळे रेडिओत खरखर होते, हे त्याच्या ध्यानी आले होते. कोणत्या आज्ञेने कोणता स्वर उमटतो याचा तक्ता करून त्याने यंत्राकडून प्रथम बीटल्सचे एक गाणे व नंतर 'डेझी बेल' ही जुनी चाल वाजवून घेतली. दुसऱ्या निवडीमागे एक परंपरा होती. बेल प्रयोगशाळेत १९६१ साली संगणकाकडून हेच गीत गाववून घेण्यात आले होते. आर्थर क्लार्क यांनी तेथे ते ऐकले, आणि १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या चित्रपटातील हॅल हा संगणक आपल्या अंतकाळी तेच गातो. घरी जोडलेल्या यंत्राने आपले पहिले प्रक्षेपण केले ते रेडिओतील दोषाच्या आधारे, आणि त्यासाठी विज्ञानकथेची आठवण वापरून.

प्रेक्षकाचे चालकात होणारे रूपांतर याहून स्पष्टपणे दिसते ते 'स्टार ट्रेक' याच नावाच्या संगणकीय खेळात. माइक मेफील्ड या विद्यार्थ्याने १९७१ साली तो विद्यापीठातील मोठ्या यंत्रावर रचला. १९७३ मध्ये डेव्हिड ॲल यांच्या 'बेसिक' भाषेतील खेळांच्या संग्रहात त्याची एक आवृत्ती छापली गेली. छापील आज्ञावली ओळीमागून ओळ टंकित करावी, चुका शोधाव्यात, आणि मनास येईल तो फरक करावा, अशा रीतीने तो हजारो घरांत पोहोचला. मालिका चालू राहावी म्हणून ज्यांनी पत्रे लिहिली, त्यांच्याच पिढीने आता तिचे भाग स्वतः घडविण्यास आरंभ केला.

१९७७ पासून घरगुती संगणकांस कळफलक आला, आणि पडद्याचा प्रश्न अनेक निर्मात्यांनी सोप्या युक्तीने सोडविला. घरात दूरचित्रवाणी संच असतोच. त्याच्या मागील आकाशकाचे खोबण संगणकाला जोडावे. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा 'झेडएक्स ८१' हा १ किलोबाइट स्मृतीचा संगणक मार्च १९८१ मध्ये जोडलेल्या स्थितीत ६९.९५ पौंडांस मिळू लागला, तो याच युक्तीच्या जोरावर. ज्या काचेवर क्वाटरमासचा अग्निबाण परतला, जिच्यावर चंद्रावरील पाऊल उमटले, तिच्यावर आता घरातील मुलाने लिहिलेले अक्षर उमटू लागले. संच तोच राहिला. त्याच्यासमोर बसणाऱ्याचे काम बदलले.

या बदलाची जाणीव खुद्द प्रक्षेपण-संस्थेलाही झाली. जानेवारी १९८२ मध्ये बी.बी.सी.ने संगणक-साक्षरतेची दहा भागांची मालिका सुरू केली आणि तिच्या जोडीला केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून स्वतःच्या नावाचा संगणक करवून घेतला. मालिकेत जे दाखविले जाई, ते प्रेक्षकाने त्याच संचावर करून पाहावे ही अपेक्षा होती. सुमारे १२,००० यंत्रे खपतील असा आरंभीचा अंदाज होता. प्रत्यक्षात १५ लाखांहून अधिक खपली. त्याच्या 'बी' प्रकाराची ३२ किलोबाइट बदलती स्मृती चांद्रयानातील संगणकाच्या बदलत्या स्मृतीच्या सुमारे आठपट होती. तेवढ्याच जागेत डेव्हिड ब्रेबन व इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ साली 'इलीट' हा अवकाशप्रवासाचा खेळ बसविला. त्यात आठ आकाशगंगा व प्रत्येकीत २५६ ग्रहमाला होत्या. एवढी नावे व वर्णने साठविणे अशक्य असल्यामुळे मोजक्या बीजसंख्यांपासून ठरावीक गणिताने ती दरवेळी नव्याने, परंतु हुबेहूब पूर्वीसारखी, निर्माण करण्याची योजना होती. स्मृतीच्या टंचाईतून जे कौशल्य चांद्रयानासाठी जन्मास आले, त्याच जातीचे कौशल्य आता विद्यार्थ्यांच्या खोलीत आढळू लागले.

६. आज्ञावलीचे प्रक्षेपण

नभोवाणीवर सादर होतो त्यास मराठीत 'कार्यक्रम' म्हणतात व संगणकास दिली जाते ती 'आज्ञावली'. भाषेने वेगळ्या ठेवलेल्या या दोन गोष्टी नेदरलँड्समधील एका प्रयोगात एक झाल्या. तेथील एन.ओ.एस. या संस्थेच्या 'हॉबीस्कूप' या नभोवाणी कार्यक्रमाने १९८० च्या सुमारास संगणकाच्या आज्ञावल्या ध्वनिरूपात प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला. घरगुती संगणक आज्ञावली साध्या कॅसेटवर स्वररूपाने साठवीत; मग तेच स्वर रेडिओवरून का पाठवू नयेत, हा त्यामागील विचार. श्रोत्याने ती कर्कश किंकाळी कॅसेटवर उतरवून घ्यावी व संगणकास ऐकवावी. प्रत्येक यंत्राची 'बेसिक' भाषा किंचित वेगळी असल्याने 'बेसिकोड' ही सामायिक पद्धती ठरविण्यात आली, आणि भिन्न कंपन्यांची यंत्रे एकच प्रक्षेपण समजू लागली.

याच काळात अवकाशातूनही तसेच स्वर येऊ लागले. सरे विद्यापीठाने बांधलेला 'युओसॅट-१' हा उपग्रह ६ ऑक्टोबर १९८१ रोजी सोडण्यात आला. शाळा व हौशी मंडळी यांना साध्या ग्रहणयंत्राने व घरगुती संगणकाने त्याची मापने वाचता यावीत, हा त्याच्या रचनेचा उघड उद्देश होता. स्पुटनिकचा स्वर ऐकता येत होता; या उपग्रहाचा स्वर उलगडून त्यातील तापमान व विद्युत्-दाब पडद्यावर मांडता येऊ लागले. या दोन स्वरांमधील २४ वर्षांत घडलेला फरक हाच या तिन्ही इतिहासांचा सारांश होय.

७. भारतातील क्रम

भारतात हेच टप्पे आले, पण वेगळ्या क्रमाने. आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा भारतीय वेळेनुसार २१ जुलै १९६९ च्या सोमवारची सकाळी ८ वाजून २६ मिनिटे झाली होती. त्या वेळी दूरचित्रवाणी केवळ दिल्लीत होती. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि पुणे जिल्ह्यातील आर्वी येथील विक्रम उपग्रह-भूकेंद्र १९७१ मध्ये. महाराष्ट्रास ते पाऊल ऐकून व वाचूनच ज्ञात झाले. विज्ञानकथाही मराठी वाचकास प्रथम मुद्रित रूपानेच भेटली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने पाठविलेली कथा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

याउलट उपग्रहाद्वारे थेट गावात दूरचित्रवाणी नेण्याच्या बाबतीत भारत पुढे होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात नासाच्या 'एटीएस-६' उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांना कार्यक्रम दाखविण्यात आले. भूस्थिर कक्षेतील दळणवळणाची कल्पना १९४५ मध्ये मांडणारे विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क कोलंबोस राहत असत. भारतीय अभियंत्यांनी त्यांच्या घरी ग्रहणसंच बसवून दिला, आणि लेखकाने आपली कल्पना स्वतःच्या घरात पाहिली.

१९८४ या एका वर्षात तर दोन धारा शेजारी आल्या. ३ एप्रिल रोजी राकेश शर्मा अवकाशात गेले व पंतप्रधानांशी झालेले त्यांचे संभाषण देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. आणि त्याच वर्षी सुमारे २५० शाळांसाठी आखलेल्या संगणक-साक्षरतेच्या योजनेत 'क्लास' या नावाखाली बी.बी.सी.चा तोच संगणक भारतीय विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यात आला. ब्रिटनमध्ये तो घरातील संचाला जोडलेला होता; येथे तो शाळेच्या कुलूपबंद खोलीत, अनेकांत एक असा आला. त्यामुळे चालक होण्याची संधी येथे घरातून न येता संस्थेमार्फत आली, आणि फार थोड्यांना आली. भारतातील संगणक-शिक्षणाचा इतिहास लिहिताना हा भेद विसरता येत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून मैलाच्या दगडांविषयी एक गोष्ट स्पष्ट होते. दगड रोवणारा एक असतो, पण त्यावरून अंतर मोजणारा वाटसरू वेगळा असतो. १९३८ चा श्रोता, १९५७ चा हौशी रेडिओचालक, केटरिंगचे विद्यार्थी, शेजारी टेपरेकॉर्डर लावून बसलेली मुले, छापील आज्ञावली टंकित करणारा गृहस्थ, यांपैकी कोणाचेही नाव कालदर्शिकेत येत नाही. तथापि प्लेसेत्स्कचा तळ, 'डॉक्टर हू'चे हरवलेले ध्वनी आणि घराघरांतील संगणक-विद्या ही त्यांचीच मिळकत आहे.

एक शंका मात्र शेवटी नोंदविली पाहिजे. १९८० च्या दशकातील घरगुती संगणक चालू करताच रिकाम्या पडद्यावर आज्ञेची वाट पाहत असे. काहीही करावयाचे तर प्रथम त्याला काही सांगावे लागे. आज प्रत्येकाच्या खिशात असलेले यंत्र चांद्रयानातील संगणकापेक्षा लक्षावधीपट समर्थ आहे, पण ते चालू होते ते तयार चित्रांनिशी, आणि त्याची आज्ञावली वाचण्याची वा बदलण्याची सोय सामान्य धारकास बहुधा नसते. चालक झालेला मनुष्य पुन्हा प्रेक्षक होत आहे काय, हा प्रश्न संगणकशास्त्राइतकाच समाजशास्त्राचाही आहे. त्याचा अभ्यास करू पाहणाऱ्याने प्रक्षेपणाच्या तारखांबरोबरच ग्रहणाच्या नोंदीही गोळा केल्या पाहिजेत. कारण भांडारातील फिती पुसल्या जातात, आणि माळ्यावरची खोकी तेवढी मागे राहतात.